अर्ध्यावर ठेवायच्या बॅटऱ्या

आमच्याकडं रिकामं काही ठेवायची पद्धत नाही. शेतीची लाइट पाळीनं येते, आणि आली की माणूस भरल्या ताटावरनं उठतो. मोटर चालू कर, शेततळं भर, टाकी भर, मोबाइल लाव, फवारणी पंपाची बॅटरी लाव. परत कधी जाईल याचा नेम नाही. मी निमगाव केतकीचा. डाळिंब लावतो. पन्नाशी उलटेपर्यंत मला एवढं एकच शहाणपण आलं, की हाताशी आहे तोवर भरून घ्यावं. अर्धं भरलेलं भांडं दिसलं की माझं डोकं फिरतं. बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असते, "ह्यांच्यापुढं अर्धा कप चहा ठेवून बघा, भांडाण हुतंय."

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं मी जे करून बसलो ते ह्या सवयीपायी. सवयीवर ढकलून मी सुटेन असं मला वाटत नाही. पण झालं कसं, ते नीट कळावं म्हणून.

माझा धाकटा भाऊ माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. बारामतीच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मेंटेनन्सला होता. लग्नाचं बघता बघता राहून गेलं. एका खोलीत राहायचा, आणि त्या खोलीत बसायला जागा नसायची, कारण सगळीकडं विमानं. रिमोटवर उडणारी, थर्माकोलची, हलक्या लाकडाची, स्वतः कापून चिकटवलेली. रविवारी ती घेऊन कन्हेरीच्या बाजूच्या एका माळावर जायचा. सोबतीला बारामतीतला एक दातांचा डॉक्टर. दोघं मिळून दिवसभर आभाळाकडं बघत उभे. मी त्याला तोंडावर म्हणायचो, "चाळिशीला टेकलास, आन् अजून पतंग उडवतोस व्हय रं?" त्यावर तो हसायचा. चिडायचा नाही. आमच्या घरात चिडण्याचं सगळं खातं माझ्याकडं होतं.

एकदा मार्केटला गेलो होतो, तेव्हा त्याच्या खोलीवर टेकलो. तो मोबाइलवर बॅटऱ्या बघत बसला होता. बघत म्हणजे किती! पोरीचं स्थळ बघावं तसं. ही नको, ती नको. मला वैताग आला. म्हटलं, "त्यात काय एवढं बघायचं? बॅटरी ती बॅटरी."

"दादा, तुला तुझ्या भाषेत सांगतो," तो म्हणाला. "व्होल्ट म्हंजी पाण्याचा दाब. हा दुसरा आकडा म्हंजी टाकी केवढी. आन् हा सी लिवलाय न्हवं, ते म्हंजी पाइप किती इंची. इमान वर चढताना एकदम लई पाणी मागतं. पाइप बारीक असंल तर टाकी भरलेली असून उपेग न्हाय."

"मग टाकी मोठी घे की. ही बावीसशे आकड्याची कशाला घेतोस? पाच हजाराची घे."

"मोठी टाकी उडत न्हाय दादा."

आणि स्वतःच खो खो हसला. मग मला त्यानं स्वयंपाकाचा काटा काढून दाखवला. त्याच्यावर बॅटरी ठेवायची, मोटर ठेवायची, पंख ठेवायचा, ग्रॅमग्रॅमचा हिशेब. मला वाटलं, एवढं डोकं शेतीत घातलं असतं तर. तसं बोललोही.

त्याच्याकडं त्या बावीसशेच्या सात बॅटऱ्या होत्या. साबणाच्या वडीएवढ्या, निळ्या कातडीच्या. प्रत्येकीला पांढरी टेप, टेपवर एक ते सात नंबर आणि घेतल्याची तारीख. उडवून आणली की गरम असताना चार्जिंगला लावायची नाही. पार तळाला जाईपर्यंत वापरायची नाही. चार्जिंगला लावून घराबाहेर जायचं नाही, कारण बिघडली तर ही बॅटरी पेट घेते. हे सगळं तो मला न विचारता सांगायचा आणि मी न ऐकता ऐकायचो.

त्या हिवाळ्यात त्यानं एक नवं विमान पुरं केलं. साडेचार फुटांचे पंख, नेहमीच्यापेक्षा अंगानं जड. म्हणाला, "आपल्या माळावर वारं किती असतं तुला ठावं हाय. बाकीची इमानं हितं टिकत न्हायत. हे वाऱ्यातच उडवायला केलंय. ह्याचं पयलं उड्डाण कन्हेरीला न्हाय करायचं. आपल्या माळावर करायचं. आन् तू बघायला पायजेस. एकदा बघ दादा, मग म्हण पतंग."

"बघू," मी म्हटलं. बहार चालू होता, मला वेळ नव्हता.

माघात त्याला ताप यायला लागला. कारखान्यातच एकदा चक्कर येऊन पडला. रक्त तपासलं, मग पुण्याला नेऊन परत तपासलं, आणि मग तिथल्या डॉक्टरनं मला एकट्याला आत बोलावलं. रक्ताचाच आजार होता. किती दिवस ते डॉक्टर बोलले नाहीत, पण त्यांनी मला खुर्चीत बसवून पाणी दिलं, तेव्हाच मला समजलं.

बारामतीची खोली सोडली. सामान टेम्पोत घालून निमगावला आणलं. पुण्याला दवाखान्यात राहायला जायच्या आदल्या दिवशी त्यानं त्या सात बॅटऱ्या आणि चार्जर माझ्यापुढं ठेवला. "ह्या तुझ्याकडं," म्हणाला. "आलो की ते इमान उडवायचं हाय. मला अजून ठावं न्हाय ते उडतं का न्हाय. ते एवढं एक बघायचंय."

मग त्यानं मला चार्जर शिकवला. हे बटण दाबलं की पूर्ण भरते. हे दाबलं की अर्ध्यावर येऊन थांबते. "नुसत्या ठेवायच्या असल्या की अर्ध्यावर ठेवायच्या. हितं तीन पॉइंट आठ दिसलं की बास. मग म्हैना-दोन म्हैने बघायचं बी काम न्हाय. आन् गार जागी ठेव."

"व्हय व्हय, कळलं," मी म्हटलं. मला कळलं नव्हतं. माझं लक्ष त्याच्या मनगटाकडं होतं. घड्याळ सैल होऊन कोपराकडं सरकत होतं.

तो पुण्याला गेला, आणि मी बॅटऱ्यांचा विचार माझ्या पद्धतीनं केला. अर्ध्यावर ठेवायच्या, ठीक आहे. पण तो यायचा एखाद दोन दिवसांसाठी, न सांगता, आणि नेमकी त्या दिवशी लाइट नसली तर? अर्ध्या बॅटरीवर त्याचं विमान आभाळातनं खाली पडायचं. ते मी होऊ देणार नव्हतो. शिवाय अर्धं ठेव हे मला काटकसरीचं बोलणं वाटलं. तो होताच तसला, कधी कुणाला ताण द्यायचा नाही. म्हटलं, तू अर्ध्यावर म्हणतोस, तुझा भाऊ भरून ठेवील. हाय काय आन् न्हाय काय!

चार्जर मोटारीच्या खोलीत लावला. पत्र्याची खोली. लाइट येते तेव्हा मी तिथंच असतो, म्हणून. बॅटऱ्या बायकोच्या लाडवांच्या डब्यात घालून स्टार्टरच्या पेटीवरच्या फळीवर ठेवल्या. लाइट आली की आधी मोटर, मग बॅटऱ्या. एक नंबरपासून सातपर्यंत. भरलेली असली तरी परत लावून बघायची, थोडी उतरली असंल तर वर घ्यायची. फाल्गुन, चैत्र, वैशाख. पत्रा एवढा तापायचा की आत हात लावावा तिथं चटका. मी घामानं निथळत बसायचो आणि आकडे बघायचो. चार पॉइंट दोन, चार पॉइंट दोन, चार पॉइंट दोन. दुसरं काही माझ्या हातात नव्हतं. त्याच्या रक्ताचे आकडे तिकडं रोज खाली यायचे, आणि इकडं माझे आकडे भरलेले असायचे. मला त्यानं धीर यायचा, हे खरं आहे.

फोनवर तो विचारायचा, "बॅटऱ्या बऱ्या हायत न्हवं?"

"टकाटक!" मी म्हणायचो. "तू नुसता ये."

वैशाखात मला दिसलं, की बॅटऱ्या अंगानं भरायला लागल्यात. आधी चपट्या होत्या, आता मधनं गुबगुबीत. आता हसायचं तर हसा. मला वाटलं, अंगाला लागतंय. इतकं नीट चार्जिंग त्यांना बारामतीत मिळत नसणार. मी बायकोला डबा उघडून दाखवला, "बघ कशा टरारल्यात."

ज्येष्ठाच्या सुरुवातीला दवाखान्यानं त्याला तीन दिवस घरी सोडलं. का सोडलं ते मला सांगितलं होतं. त्यालाही माहीत होतं, पण आम्ही दोघं एकमेकांपुढं ते बोललो नाही. गाडीतनं उतरताना मी त्याला जवळजवळ उचललाच. एवढा हलका झालेला. उतरला आणि पहिलं वाक्य काय? "दादा, इमान कुठं हाय?"

माळ्यावरनं विमान काढलं, पुसलं, अंगणात खाटेवर ठेवलं. तो तिथंच त्याच्या कडेला बसला. मग मी मोठ्या ऐटीत डबा आणला आणि झाकण काढलं.

त्यानं चार नंबरची बॅटरी हातात घेतली. अंगठ्यानं मधोमध दाबून बघितली. मग पाच नंबरची. मग डब्यात नुसतं बघत राहिला.

"कितीवर ठेवल्यास?"

"फुल्ल! एक दिवस खाडा न्हाय. आला आसतास तवा तयार."

"आन् ठेवल्यास कुठं?"

"मोटारीच्या खोलीत. लाइट आली की मी तितंच असतो न्हवं."

तो माझ्याकडं बघून हसला. अगदी लहानपणचं हसू. "लई जपल्यास दादा," म्हणाला. मला इतकं बरं वाटलं त्या वेळी. तीन महिन्यांत मला कुणी शाबासकी दिली नव्हती.

मग म्हणाला, "वहिनीला जरा च्या टाकायला सांग की." मी आत गेलो. चुलीपाशी उभा असताना बाहेर विमानाची मोटर सुरू झाल्याचं ऐकलं. पंखा घर्रकन फिरला, चढला, आणि हवा धरलेल्या पंपासारखा गुदमरून बंद पडला. थोड्या वेळानं परत तसंच. आणि परत. मी चहा घेऊन बाहेर आलो तर विमान खाटेवर, बॅटऱ्या डब्यात, झाकण लावलेलं.

"काय झालं?"

"काय न्हाय. तपासली."

सूर्य खाली आल्यावर आम्ही माळावर गेलो. माळ म्हणजे बागेच्या वरच्या अंगाला पडीक तुकडा आहे तो. मी प्लास्टिकची खुर्ची नेऊन ठेवली, त्याला बसवलं, विमान त्याच्या मांडीवर दिलं. बायको बांधावर येऊन उभी राहिली. मी म्हटलं, "हां, उडीव."

तो विमानाच्या पंखावर हात ठेवून पश्चिमेला बघत राहिला. मग म्हणाला, "वारं हाय दादा."

मी कडूनिंबाकडं बघितलं. पान हलत नव्हतं. तसले कोंडलेले, उकाड्याचे दिवस होते. "कुठंय वारं?"

"वर हाय. हितनं कळत न्हाय. पयलं उड्डाण वाऱ्यात करत न्हायत. उद्या बघू."

घरी आलो. तो लवकर आडवा झाला. फोनवर कुणाशी तरी हळू आवाजात बोलत होता. डॉक्टर मित्राचं नाव ऐकू आलं, पुढचं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत माळ, परत खुर्ची, परत विमान मांडीवर. त्या दिवशी तर हवा अशी मेली होती की धूळ उडवली तर जागच्या जागी खाली बसावी. आणि हा म्हणतो, "आज बी वारं हाय."

माझं डोकं फिरलं. मला कळत होतं की उद्या सकाळी गाडी येणार, आणि त्यानंतर कसलाही उद्या नाही. त्यानं एवढी एक गोष्ट मागितली होती, मी तीन महिने पत्र्याखाली भाजून ती तयार ठेवली होती, आणि हा तिला हात लावायला तयार नाही. मला रडायला येत होतं. मला रडायला आलं की मी ओरडतो. जन्मापासनं तसंच.

"वाऱ्याचं नाव कशाला पुढं करतोस?" मी म्हटलं. "आंगात जोर ऱ्हायला न्हाय असं सरळ म्हण की! भ्यालास म्हण! मी कशाला राबलो मग?"

बांधावरनं बायको म्हणाली, "आवो, गप बसा की!"

तो खाली विमानाकडं बघत होता. मान वर न करता म्हणाला, "व्हय दादा. तसंच असंल." आणि थोड्या वेळानं, "चल, घरी जाऊ. मला उचल जरा."

मी त्याला उचलून आणलं. विमान बायकोनं आणलं. सकाळी गाडी आली. पुण्याला तो पुढं अकरा दिवस होता. त्या अकरा दिवसांत त्यानं विमानाचं नाव काढलं नाही, आणि मीही काढलं नाही. माझ्या मनात अजून राग होता. मरणाऱ्या माणसावर राग धरणारा मी एकटाच असेन.

तेरावा झाला. आषाढ लागला. म्हटलं, हे सामान घरात ठेवून काय करायचं? त्याच्या डॉक्टर मित्राला द्यावं, तो तरी उडवील. गाडीत विमान घातलं, लाडवांचा डबा घेतला, आणि बारामतीला त्याच्या घरी गेलो. रविवार होता. डॉक्टरनं विमान दोन्ही हातांनी घेतलं. मग मी डबा उघडून दिला. म्हटलं, "घ्या. सगळ्या भरलेल्या हायत."

त्यानं डब्यात बघितलं आणि डबा हळूच, हलू न देता, बाहेर ओट्यावर नेऊन ठेवला. परत आला.

"ह्या फुल चार्ज करून ठेवल्या होत्या?"

"व्हय. मीच. सोडल्याच न्हायत. कशा टरारल्यात बघा की."

डॉक्टर दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. मला वाटलं, भावाची आठवण आली असंल. मग म्हणाला, "दादा, ह्या फुगल्यात. मेल्यात ह्या. भरून उन्हाळ्यात ठेवल्या की आतनं जळतात. आकडा फुल दाखवतात, पण पाणी मागितलं की देत नाहीत. आणि पेटतात कधी कधी. ह्यांना आता मिठाच्या पाण्यात बुडवायला लागतं."

मी म्हटलं, "पण त्यानं तर मला काहीच सांगितलं न्हाय. वारं हाय म्हणाला."

"मला माहीत आहे," डॉक्टर म्हणाला. "त्या संध्याकाळी मला फोन आला होता त्याचा. सगळ्या तपासून बघितल्या, एकपण चालत नाही म्हणाला. मी म्हटलं, माझ्याकडं चांगली आहे, आत्ता निघतो, तासाभरात निमगावला. तर नको म्हणाला."

"नको का?"

डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं नाही. "म्हणाला, तू तुझी बॅटरी घेऊन आलास की दादाला कळंल ह्यांचं काय झालंय. तीन महिने जपल्यात त्यानं. राहू दे."

मी तिथं काय केलं ते मला नीट सांगता येत नाही. डॉक्टरच्या बायकोनं खुर्चीत बसवून पाणी दिलं, एवढं आठवतं. लाज, दुःख, हे शब्द मी आधीही वापरले होते, पण त्यांचा अर्थ मला त्या खुर्चीत कळला. अंगात जोर नाही म्हण, भ्यालास म्हण, असं मी त्याला म्हटलं होतं. आणि तो माझ्याकडनं ते म्हणवून घेऊन गेला.

मिठाची बादली मी स्वतः भरली. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. एक नंबरपासून सातपर्यंत, एकेक करून आत सोडल्या. बारीक बुडबुडे यायला लागले. टेपवरचं त्याचं अक्षर पाण्यात दिसत होतं.

मग डॉक्टर म्हणाला, "चला. माळावर जाऊ. हे उडवून बघू." मी नको म्हणालो. तो म्हणाला, "त्याला बघायचं होतं ना उडतं का? मग आपण तरी बघू." त्यानं कपाटातनं एक बॅटरी काढली. अर्ध्यावर ठेवलेली होती. चार्जरला लावून पूर्ण भरली. तेवढ्याला तासभर लागला. एक तास फक्त. अर्ध्यावर ठेवायचं, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं असं नाही.

कन्हेरीच्या बाजूच्या माळावर आम्ही दोघंच होतो. आषाढातलं वारं सुटलेलं. माझी टोपी दोनदा उडाली. मी ओरडून म्हटलं, "एवढ्या वाऱ्यात नका उडवू! पयलं उड्डाण वाऱ्यात करत न्हायत म्हणाला तो!" डॉक्टरनं ऐकलं नाही. विमान जमिनीवर ठेवलं, पंखा फिरला, आणि गुदमरला नाही. चार पावलं गेलं असेल नसेल, तोवर वर.

मी बघितलं. दादा, एकदा बघ, म्हणाला होता, म्हणून डोळे न मिटता बघितलं. वारं त्याला खालनं धक्के देत होतं आणि ते जरा झुलून परत सरळ होत होतं. डॉक्टरनं त्याला माझ्या डोक्यावरनं नेलं, लांब वळवलं, परत आणलं. मध्येच मला म्हणाला, "दादा, मी काहीच करत नाही बघा. आपलं आपण उडतंय."

मी म्हटलं, "खाली घ्या." त्याला ऐकू गेलं नाही. मग मी जोरात ओरडलो, "उतरवा म्हणतो न्हवं! उतरवा ते!"

त्यानं उतरवलं. विमानाला ओरखडाही आला नाही. एवढं वारं होतं, तरी.